‘क्षार’ लिहिताना कोणता, तेही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात तीन बातम्या हमखास येतात. जमिनीतले ‘मीठ’ वाढल्याची, बोअरच्या पाण्यात ‘मीठ’ आल्याची, आणि घामावाटे अंगातले ‘मीठ’ जाते म्हणून मिठाचे पाणी प्या, असा सल्ला देणारी. शब्द तिन्हीकडे एकच आणि वस्तू तीन. आम्ही चौघे माती-पाणी परीक्षण, रसायनशास्त्राचे अध्यापन आणि औषधविक्री या कामांतले. आमच्यापुढे येणारे निम्मे प्रश्न या एका शब्दाच्या ढिलाईतून निघतात, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

इंग्रजीतल्या ‘सॉल्ट’ला पाच-सहा अर्थ आहेत. भाषांतर करताना ते सगळे आपण मिठाच्या बरणीत ओततो. मराठीत शब्दांची कमी नाही. मीठ, लवण, खार, क्षार असे वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाचे स्वतःचे घर आहे. मीठ म्हणजे जेवणातले सोडियम क्लोराइड. हा शब्द ‘मिष्ट’वरून आला, म्हणजे मुळात गोड. हिंदीत मीठा म्हणजे गोडच राहिला. आपल्याकडे आणि गुजरातीत तो खारट वस्तूला चिकटला. नवापूरच्या स्टेशनात, जिथे अर्धा फलाट गुजरातेत आहे, तिथे हा शब्द हद्द न बदलता चालतो. ‘लवण’चे झाले लोण, त्यातून लोणचे आणि पादेलोण, आणि त्याच लवणातून लावण्यही. लोणी मात्र या घराण्यातले नव्हे, ते नवनीतापासूनचे.

खरी अडचण ‘क्षार’ या शब्दाची. शाळेच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी मिळते. त्या हिशेबाने मोरचूद, तुरटी, नवसागर, हिराकस, सोरा, जिप्सम हे सगळे क्षार, आणि खायचे मीठही त्यांतलाच एक. (युरिया पांढरा असला तरी क्षार नव्हे, अमोनियम सल्फेट मात्र क्षार.) पण घरात आजी ‘खार’ म्हणते तेव्हा तिला आंबटाच्या उलट गुणाची वस्तू अभिप्रेत असते: पापडखार, साजीखार, राखेचे पाणी. आयुर्वेदातला क्षारही याच जुन्या अर्थाचा. म्हणजे पुस्तकातला क्षार आणि पापडातला खार हे एकाच शब्दाचे दोन वेगळे अर्थ आहेत.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर एका पांढऱ्या बशीत चिमूटभर मीठ आणि चिमूटभर पापडखार वेगवेगळे ठेवावे, दोन्हींवर ओल्या हळदीचा थेंब टाकावा. मिठावरची हळद पिवळीच राहते, खारावरची लगेच लालसर तपकिरी होते. हळदीचे कुंकू होते ते याच गुणामुळे. लिंबू पिळले तर खार फसफसतो, मीठ गप्प बसते. उडदाच्या पापडात खार जास्त पडला की तळताना पापड लाल पडतो आणि साबणासारखा लागतो. मीठ जास्त पडले तर तो नुसता खारट होतो, रंग बिघडत नाही. पाककृतीत ‘खार व मीठ चवीनुसार’ असे छापून येते तेव्हा आम्हाला हसू येते. खार चवीनुसार घालायची वस्तूच नाही, तो मोजूनच घालावा लागतो.

आता शेती. ‘मिठामुळे जमिनी नापीक’ हा मथळा आपण गेल्या काही महिन्यांत दोनदा छापला. यात दोन निरनिराळे रोग एकत्र झाले आहेत. पहिली क्षारयुक्त जमीन. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर येतो, सामू (पीएच) साधारण 8.5 च्या आत असतो, पण विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे, क्षार जास्त असतात. पाणी असूनही पीक तहानलेले दिसते, केळीच्या पानांच्या कडा करपतात. दुसरी चोपण जमीन. हिच्यात विद्राव्य क्षार फारसे नसतात, पण मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम 15 टक्क्यांच्या वर जातो आणि सामू 8.5 च्या पुढे. पावसात चिखल लोण्यासारखा निसटतो, वाळला की दगड होतो, पाणी वरच साचून राहते आणि गढूळच राहते.

उपाय एक नाही. पहिल्या जमिनीला चर काढून चांगल्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढता येतात. चोपण जमिनीला तेच केले तर ती आणखी बिघडते: मातीचे कण एकत्र धरून ठेवणारे थोडेफार क्षारही निघून जातात, सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन बारीक छिद्रे बुजतात आणि पाणी झिरपणेच थांबते. तिथे आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, लागते. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, सुटलेला सोडियम सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर जातो. चर नसेल तर तो तिथेच फिरत राहतो आणि जिप्समचे पैसे वाया जातात. चुनखडीच्या जमिनीत गंधकही चालते, कारण त्यापासून तयार होणारे आम्ल जमिनीतल्याच चुन्याला विरघळवून कॅल्शियम मोकळा करते. मात्रा जमिनीच्या अहवालावरूनच ठरवावी, शेजाऱ्याच्या शेतावरून नको.

घरी एक ढोबळ चाचणी करता येते. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी घ्यावे, वाळलेल्या मातीचे हरभऱ्याएवढे ढेकूळ अलगद सोडावे आणि न हलवता रात्रभर ठेवावे. ढेकळाभोवती दुधासारखे धुके पसरले तर जमीन चोपण असल्याचा संशय घ्यावा. ढेकूळ नुसते विस्कटले आणि पाणी स्वच्छ राहिले तर तो दोष नाही, किंवा मग क्षार भरपूर आहेत. नळाच्या कठीण पाण्यात हा प्रयोग फसतो, त्यातले क्षार धुके धरूनच ठेवतात.

अहवाल छापताना आणखी एक सावधगिरी हवी. ‘विद्युत वाहकता 4 च्या वर म्हणजे क्षारयुक्त’ हा आकडा मातीच्या संपृक्त अर्काचा (माती पाण्याने पुरती भिजवून काढलेल्या पाण्याचा), डेसीसायमन प्रति मीटर या एककातला. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ही वाहकता जास्त. आपल्याकडच्या बहुतेक अहवालांत मातीच्या एका भागाला पाण्याचे अडीच भाग घेऊन मोजलेली वाहकता असते. तिथे द्रावण पातळ असल्याने आकडा बराच कमी येतो. त्याला 4 ची पट्टी लावून ‘जमीन उत्तम’ म्हणणे चूक.

‘खारपाणपट्टा’, म्हणजे खाऱ्या भूजलाचा पट्टा, या शब्दालाही सांभाळा. तो वऱ्हाडात, पूर्णेच्या वरच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे. ती नदी चांगदेवला तापीला मिळते म्हणून खान्देशभर तोच पट्टा आहे असे होत नाही. वऱ्हाडातल्या त्या विहिरींत खरोखरच मीठ होते: 1930 साली अकोला जिल्ह्यातल्या दहिहंड्याला त्याच खाऱ्या पाण्यापासून मीठ बनवून मिठाचा कायदा मोडला गेला. इथे ‘मीठ’ शब्द अगदी बरोबर.

बोअरच्या पाण्याचे मात्र तसे नसते. नळाच्या तोटीवर आणि गीझरमध्ये जमणारा पांढरा थर मीठ असता तर साध्या पाण्याने विरघळून गेला असता. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. लिंबू किंवा व्हिनेगर लावले की निघतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण विरघळलेले घटक लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतात. पाणी तपासायचे खिशातले टीडीएस मीटर फक्त या घटकांची बेरीज सांगते, कोणता क्षार किती हे सांगत नाही. इमारतींतली पाणी मऊ करणारी यंत्रे तर मिठावरच चालतात: कॅल्शियम काढून सोडियम सोडतात. ते पाणी भांडी धुवायला उत्तम, कुंड्यांना घालू नये. का, ते वर चोपण जमिनीत आलेच.

आता माणसांकडे. दवाखान्यात ‘सोडियम कमी झाले’ असे सांगितले की नातेवाइकांच्या तोंडी त्याचे ‘मीठ कमी झाले’ होते आणि रुग्णाच्या ताटात वरून मीठ पडू लागते. रक्तातले सोडियम लिटरला 135 ते 145 मिलिइक्विव्हॅलंट असावे. ते बरेचदा मीठ कमी खाल्ल्याने नव्हे, तर अंगात पाणी जास्त साठल्याने किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे कमी दिसते. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्या विकारात अशा वेळी मीठ वाढवले तर सूज आणि धाप वाढते. उपाय कारणावर ठरतो, तो डॉक्टरांनी ठरवायचा.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ओआरएसबद्दलही असेच होते. ‘जलसंजीवनी म्हणजे मीठ-साखरेचे पाणी’ हे अर्धेच खरे. एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असते, म्हणजे क्षार तीन. पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच विरघळवावी. अर्ध्या पेल्यात ओतून पाजली तर लहान मुलाच्या रक्तात सोडियम धोकादायक वाढते. पुडी मिळेपर्यंत घरचे करायचे तर लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ‘अर्धा सपाट’ हे दोन शब्द कृपया जागेअभावी कापू नयेत.

औषधाच्या दुकानात ‘सॉल्ट’ हा आणखी निराळाच प्राणी. ‘हेच सॉल्ट, कंपनी दुसरी’ असे म्हणताना तिथे अर्थ फक्त ‘मूळ औषध’ एवढाच असतो. पॅरासिटामॉल हे रसायनाच्या अर्थाने क्षार नाहीच. उलट काही औषधांत क्षाराचा प्रकार महत्त्वाचा असतो. डायक्लोफेनॅक पोटॅशियम लवकर विरघळते, डायक्लोफेनॅक सोडियमच्या गोळीवर बहुधा आतड्यात उघडणारे आवरण असते, त्यामुळे ती सावकाश काम करते. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट साधारणपणे दिवसातून दोनदा, मेटोप्रोलॉल सक्सिनेटची सावकाश सुटणारी गोळी एकदा. नावाचा पहिला अर्धा भाग वाचून यांची अदलाबदल करू नये. ‘जेनेरिक म्हणजे सेम सॉल्ट’ असा सरसकट मथळा म्हणूनच अपुरा आहे.

पाकिटावरचे ‘सोडियम’ हा शेवटचा मुद्दा. सोडियम म्हणजे मीठ नव्हे. मिठात ते सुमारे 39 टक्के असते. लेबलवर 1 ग्रॅम सोडियम असेल तर मीठ अडीच ग्रॅम समजावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा भरत नाही इतके. सैंधव ‘कमी सोडियमचे’ असते ही समजूत चुकीची आहे, तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच, आणि अनेकदा आयोडीनविना. उपवासाला ठीक, बारा महिने नको. खरोखरच्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

मीठ चोळणे, मिठाला जागणे, मीठमोहऱ्या ओवाळणे, नावडतीचे मीठ अळणी हे सगळे तुमच्या मथळ्यांत खुशाल असू द्या, त्यात कोणाचे नुकसान नाही. बातमीत मात्र जेवणातले असेल तर ‘मीठ’, पापडातले असेल तर ‘खार’, माती-पाण्यातले असेल तर नाव घालून, जसे ‘सोडियमचे क्षार’, ‘कॅल्शियमचे क्षार’, आणि औषधात ‘घटक’ लिहावे. आणि उन्हाळी वाळवणांच्या पुरवणीत ‘चमचाभर सोडा’ असे येईल तेव्हा खाण्याचा की धुण्याचा, तेही छापावे. खाण्याचा म्हणजे बायकार्बोनेट, धुण्याचा म्हणजे कार्बोनेट, आणि दुसरा पहिल्यापेक्षा पुष्कळच तीव्र असतो.

आपले,
चौघे वाचक, जळगाव