राखीव जागा नकोत, मोजलेला रस्ता द्या

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मी परभणीत पोरांना पळायला शिकवतो. मोठ्या मॅरेथॉनवाले लांब पल्ल्यासाठी टाइमिंग सर्टिफिकेट, म्हणजे आधीच्या शर्यतीतली वेळ दाखवणारं प्रमाणपत्र, मागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या पोरांसाठी तिथं राखीव जागाही मागत नाही. बॉस्टनला तर २०२६ साठी बहुतेक वयोगटांच्या पात्रता वेळा पाच मिनिटांनी कडक केल्या, आणि तरीही त्या वेळेच्या ४ मिनिटं ३४ सेकंद आत आलेल्यांनाच जागा मिळाली. कडक आहे, पण घड्याळ सगळ्यांना एकच. लंडन मॅरेथॉनमध्ये सोडत काढून जागा देतात, त्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

अडचण सर्टिफिकेट मिळवण्याची आहे. आमच्याकडच्या बऱ्याच शर्यतींत अंतर मोटारसायकलच्या मीटरवर धरतात. शेवटच्या रेषेवर एक जण स्टॉपवॉच घेऊन उभा. प्रमाणपत्रावर पुढाऱ्याचा फोटो असतो, वेळ नसते! ते फॉर्मला जोडून काय उपयोग? मग पोरानं पुणे-मुंबई गाठायची: एन्ट्री फी, रात्रीचा प्रवास, मुक्काम. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी हे पैसे बापाकडे कुठल्या तोंडानं मागायचे?

पळणाऱ्यांची इथं वाण नाही. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेनं २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. परभणीची ज्योती गवते २०१७ ला मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिली आली. वसमत रोडवर पहाटे जाऊन बघा, भरतीची पोरं १६०० मीटर काढत असतात. त्याच पोलीस भरतीत पळण्याची वेळ घ्यायला सरकारनं चिप वापरलीय, ती वेळ आपोआप नोंदवते. म्हणजे ते तंत्र सरकारला नवं नाही.

राहिला शर्यतीचा मार्ग मोजण्याचा प्रश्न. तो खास मीटर लावलेल्या सायकलनं, सगळ्यात जवळच्या रेषेनं मोजतात. कमी पडू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. एकदा प्रमाणित झालेला मार्ग पाच वर्षं चालतो. खर्च दरवर्षीचा नाही.

तेव्हा छत्रपती संभाजीनगर आणि लातूर, या दोन ठिकाणी प्रमाणित मार्गावर चिप लावून वर्षातून एकदा अर्धमॅरेथॉन घ्या. फी नाममात्र ठेवा. सत्कार, भाषणं शर्यत संपल्यावर. पोरं वॉर्मअप करून थंड पडतात. आणि मे महिन्यात नको, डिसेंबरात घ्या. तारीख तेवढी दोन महिने आधी कळवा, त्या दिवसांत तुरीची काढणी असते, घरच्यांना माणसं बघावी लागतात.

आपला,
परभणीचा एक प्रशिक्षक