मेसवर इतक्यात जाऊ नकोस

मिरज

प्रिय दिन्या,

फोनवर तू कुणाचं ऐकून घेत नाहीस, म्हणून सविस्तर लिहून पाठवतोय. रात्रभर उलट्या-जुलाब झाले आणि जरा उभं राहता येताच तुझ्या मेसवर स्वयंपाकाला निघालास म्हणे. वहिनींनी अडवलं ते बरं केलं.

भेळवाल्याला शिव्या घालतोयस, पण तो बिचारा निर्दोष असेल. अशी अचानक उसळून आलेली उलटी, पाण्यासारखे जुलाब, अंगदुखी, किरकोळ ताप, आणि लग्नातून आलेले आणखी चौघे आडवे. हे सगळं नोरोव्हायरस या पोटाच्या विषाणूकडे बोट दाखवतं. तो पोटात गेल्यावर १२ ते ४८ तासांनी दणका देतो, म्हणजे शेवटी खाल्लेल्या पदार्थावर आळ घेण्यात अर्थ नाही. आमच्या लॅबमध्ये याची तपासणी क्वचितच होते. चिठ्ठीवर 'गॅस्ट्रो' लिहिलं की विषय संपला.

मेडिकलवाल्याने दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या ठेवून दे, विषाणूवर त्या चालत नाहीत. ओआरएस घे, घोट घोट. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी असल्याच मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रोगी वाचवले, तुझं काय घेऊन बसलास!

आता मुख्य मुद्दा. जुलाब थांबल्यावरही पूर्ण दोन दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. बरं वाटू लागल्यावरही विषाणू शौचातून पडतच राहतो, दोन आठवडे किंवा जास्तही, आणि दुसऱ्याला आजारी पाडायला त्याचे मोजके कण पुरतात. खळखळ उकळलेल्या आमटीची मला काळजी नाही. काळजी आहे ती तू हाताने कालवतोस त्या कोशिंबिरीची, ताटात हाताने वाढलेल्या पोळीची. २०२१ मध्ये केरळात वायनाडच्या पूकोडमधल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी याच विषाणूने आजारी पडले होते. तुझ्याकडे जेवतात तीही हॉस्टेलचीच पोरं.

गल्ल्यावरच्या सॅनिटायझरवर विसंबू नकोस, या विषाणूपुढे तो लंगडा पडतो. साबण आणि वाहतं पाणी, निदान वीस सेकंद. संडास आणि उलटी झालेली फरशी ब्लीचने पुसून घे: बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर लिटरभर पाण्यात ५० मिली, आणि पाच-दहा मिनिटं तसंच राहू दे. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव. आणि तुमच्याकडे संडासात ॲसिड ओततात ना, ते ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नकोस. विषारी वायू होतो.

लघवी कमी झाली, उभं राहताना चक्कर आली किंवा शौचातून रक्त पडलं तर थेट दवाखाना गाठ. आईंना लागण झाली तर मात्र एवढीही वाट बघू नका, म्हातारं शरीर लवकर सुकतं.

मेस दोन-तीन दिवस मावशी सांभाळतील. उद्या संध्याकाळी फोन करतो. वहिनींनी उचलावा, तू खरं सांगणार नाहीस.

तुझा,
विज्या