समुद्र ते समुद्र सायकल मोहीम उलट्या दिशेनं काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात हल्ली वरचेवर बातमी असते, अमक्या गावचा पोरगा सायकलवर इतके किलोमीटर गेला, फोटोत हार, झेंडा, मागे सगळी मित्रमंडळी. वाचून मनापासून आनंद होतो. आपल्या सांगली-मिरजेत पण पहाटे अंकलीच्या पुलाकडं नाहीतर तासगाव रोडला रोडबाईकवर जाणारी पोरंपोरी आता बरीच दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक मोठी राईड असतेच, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत. आपल्यासाठी सगळ्यात सरळ रूट म्हणजे रत्नागिरी ते आंध्र किनाऱ्यावरचं मछलीपट्टणम. रत्नागिरी-कोल्हापूर-सांगली-मिरज-सांगोला-सोलापूर हा 166 नंबरचा हायवे आणि सोलापूरपासून उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, हैदराबाद, सूर्यापेट, विजयवाडा करत थेट मछलीपट्टणमला जाणारा 65 नंबरचा. सगळं मिळून हजार किलोमीटरच्या थोडं पुढं. शिवाय आपली कृष्णा पण तिकडंच हंसलदीवीजवळ समुद्राला मिळते, त्यामुळं सांगलीकराला ह्या रूटचं जरा जास्तच प्रेम.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा रूट उलटा करा. म्हणजे सायकल घेऊन ट्रेननं मछलीपट्टणमला जायचं आणि तिथून पश्चिमेला, आपल्या गावाकडं, पुढं रत्नागिरीपर्यंत यायचं. आजवर जे प्लॅन ऐकले ते सगळे इथून सुरू होणारे, कारण सुरुवात घरून झाली की सगळे निरोप द्यायला येतात. त्यात वाईट काही नाही पण रस्त्यावर आठ-दहा दिवस काढायचे असतील तर दिशा वाऱ्यावर आणि उन्हावर ठरली पाहिजे.

वारा बघा. आपण जातो हिवाळ्यात, तेच बरोबर आहे, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो पण कोल्हापूर-रत्नागिरी वाटेवरच्या आंबा घाटात त्या पावसात कुणी जाऊ नये. आणि हिवाळ्यात दख्खनवर वारा साधारण ईशान्येकडून पूर्वेकडून येतो. म्हणजे सोलापूरच्या पुढं उमरगा हुमनाबादच्या उघड्या माळावर, जिथं आडोशाला झाड नाही, तिथं पूर्वेला जाणाऱ्याच्या तोंडावर वारा. सपाटीला पंचवीसच्या स्पीडनं आरामात जाणारा माणूस तिथं अठरा-एकोणीसवर येतो आणि ताकद तेवढीच जाते. एक दिवस असेल तर दात खाऊन निघतो, पण ओळीनं पाच दिवस तसं झालं की गुडघे बोलायला लागतात, जेवण जात नाही, झोप लागत नाही. अमेरिकेतली रेस अक्रॉस अमेरिका ही समुद्र ते समुद्र रेस पश्चिमेकडून पूर्वेला जाते, साधारण 4800 किलोमीटर. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी 2015 ला दोघांच्या टीमनं ती पूर्ण केली, 2017 ला लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी एकट्यानं पूर्ण केली, तसं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामुळंच आपल्याकडं ह्या राईडचं वेड आलं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तिकडं वाऱ्याचा कल पश्चिमेकडून पूर्वेला असतो, आपल्या हिवाळ्यात तो उलटा, म्हणून दिशा पण आपण आपली ठरवायची.

दुसरं ऊन, आणि हे मला वाऱ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं कारण ह्यात जीव आहे. सकाळी पूर्वेला निघालात की सूर्य तुमच्या डोळ्यात आणि मागून येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या पण डोळ्यात, त्या झळाळीत पुढची बारीक सायकल त्याला दिसतच नाही. पश्चिमेला जात असाल तर तेच ऊन दोघांच्या पाठीवर, तुमचं जॅकेट लांबून चमकतं. दुपारनंतर हे उलटं होतं, म्हणून तीनच्या आत दिवसाचा पल्ला संपवायचा, आणि मागचा लाल लाईट दिवसापण चालू.

तारीख पण नीट बघून धरा. ऑक्टोबर ते डिसेंबर आंध्र किनाऱ्याला वादळाचा काळ. संक्रांतीला हैदराबाद-विजयवाडा रस्त्याला तोबा गर्दी, निम्मं हैदराबाद गावी जातं आणि परत येतं, पंतंगी टोलनाक्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. ती गर्दी ओसरली की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, मार्चच्या सोलापूरच्या उन्हाच्या कितीतरी आधी तुम्ही घरी. कृष्णेच्या खोऱ्यात सकाळी धुकं असतं, ते उठल्याशिवाय हायवेला चाक घालू नका.

जायला कोणार्क एक्सप्रेस पुणे, सोलापूर करत विजयवाड्याला जाते, पुढं मछलीपट्टणम सत्तर किलोमीटर. सायकल दोन्ही चाकं काढून बॅगेत, आणि मागचा डीरेलर (गिअर बदलणारा भाग) खोलून ठेवायचा, कारण प्रवासात दणका बसला की त्याचा हँगर, म्हणजे तो ज्याला अडकवतात ती फ्रेमवरची पट्टी, वाकतो आणि प्रत्येक कंपनीचा हँगर वेगळा, सूर्यापेटला सोडा हैदराबादला पण चटकन मिळेल ह्याची खात्री नाही. जास्तीचा एक हँगर खिशात असलाच पाहिजे. तसंच प्रेस्टा वॉल्व्हच्या (रोडबाईकच्या बारीक तोंडाच्या) ट्यूब घरूनच न्यायच्या आणि सोबत तो बारका पितळी अडॅप्टर, तो लावला की कुठल्याही पंक्चरवाल्याकडं हवा भरता येते. टायर 28 मिलिमीटर रुंदीचे बसत असतील तर 25 चा हट्ट नको. रोडबाईकला कॅरिअर सहसा बसत नाही, सॅडलबॅग आणि हँडलबॅगेत मावेल तेवढंच सामान. पहिला दिवस मुद्दाम विजयवाड्यापर्यंतच ठेवायचा, जोडलेली सायकल कुठं करकरते काय ते कळतं, तिथल्या प्रकाशम बॅरेजवर (बंधाऱ्यावर) कृष्णा बघायची, दुसऱ्या दिवसापासून शंभर ते एकशेतीस. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला मारायच्या राईड, करणाऱ्यांना हे कमी वाटेल, 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि ते लोक पोचतात पण, पण दुसऱ्या दिवशी त्यांना घरी झोपता येतं. इथं उठून परत खोगिरावर बसायचं असतं.

हैदराबाद हा अवघड तुकडा. आऊटर रिंग रोडच्या मुख्य रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, सर्व्हिस रोड नाहीतर शहरातून. रविवारी उजाडताच शहर पार करता येईल असे मुक्काम लावायचे, आधीचा मुक्काम शहराच्या पूर्वेला. तिथं 2023 ला रिंग रोडच्या कडेनं 23 किलोमीटरचा सोलर छपराचा सायकल ट्रॅक झाला, आपल्याकडं निदान हायवेच्या कडेची पट्टी खडी आणि काचा काढून साफ ठेवली आणि रंबलर (वेग कमी करायच्या उंचवट्याच्या पट्ट्या) टाकताना सायकलपुरती फट सोडली तरी फार झालं.

आणि आता आपल्याच जिल्ह्याचं सांगतो, सगळ्या रूटवर मला भीती वाटते ती ह्याच भागाची. जानेवारी म्हणजे गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूनी बाहेर आलेला, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. सांगोला ते मिरज हा पट्टा अंधारात अजिबात करू नका, आणि माघी वारीच्या दिंड्या असल्या तर माऊलींना वाट देऊन सावकाश या. कारखाने आणि आरटीओनं हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावूनच सोडावी, सायकलवाल्यांबरोबर मोटारसायकलवाल्यांचे पण जीव वाचतील. आपण ह्यावर लिहावं ही कळकळीची विनंती.

शेवटचे दोन दिवस सांगलीहून घाटमाथ्यावरच्या आंबा गावापर्यंत आणि मग घाट उतरून रत्नागिरी. आंबा घाट चढायचा नसून उतरायचा आहे हा ह्या उलट्या रूटचा आणखी एक फायदा, पण रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारे) असतील तर ते दाबून धरून उतरू नये, थोडं दाबायचं सोडायचं, मध्ये थांबून रिमला हात लावून बघायचा. कार्बन रिमवाल्यांनी तर जास्तच जपावं, फार तापली तर ती खराब होते. कोल्हापूरच्या पुढं चौपदरीकरणाच्या कामामुळं रस्ता कुठं कसा आहे हे आदल्या दिवशी त्या बाजूच्या कुणालातरी विचारून घ्या.

राहिला प्रश्न हाराचा आणि निरोपाचा. तो कार्यक्रम सांगलीतच करा की, पोरं मछलीपट्टणमहून आठशे किलोमीटर मारून येतील तेव्हा मिरजेच्या वेशीवर गाठा, घरचं जेवण घाला, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी आपापली सायकल काढून कोल्हापूरपर्यंत त्यांच्यासोबत जावं.

आपला,
एक सायकलवाला वाचक, विश्रामबाग, सांगली