आठवण: रविवारी ‘शेरीफबाई’, वेळ साडेपाच

सभासदहो, रविवारच्या मूकपट-सत्राचा विषय बदललेला नाही: अमेरिकी वेस्टर्नपटांच्या सुरुवातीच्या काळात गुन्हेगाराच्या मागे घोडा दामटणाऱ्या बायका. (शेरीफ म्हणजे तिकडच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पोलीसप्रमुख.)

सुरुवात १९१२ च्या ‘टू लिटल रेंजर्स’ने. दिग्दर्शिका अ‍ॅलिस गी-ब्लाशे, कंपनी त्यांची स्वतःची, सोलॅक्स. दोन मुली बंदुका घेऊन खलनायकाचा पाठलाग करतात. छातीवर बिल्ला नाही, तरी कायद्याचं काम त्याच करतात. यावर आपल्यात वाद व्हायलाच हवा! त्यानंतर वेळ उरला तर ‘हॅझर्ड्स ऑफ हेलन’मधला एक भाग पाहू. १९१४ ते १९१७ मध्ये या मालिकेचे ११९ भाग निघाले. त्यातली हेलन रेल्वेची तारबाबू आणि दरोडेखोरांची कर्दनकाळ.

हे सगळं निव्वळ कल्पनेतलं होतं असं समजून येऊ नका. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात अ‍ॅलिस स्टेबिन्स वेल्स १९१० मध्येच रुजू झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात बायकांना मताधिकार मिळाला. १९१८ मध्ये टेक्सासच्या कोलमन काउंटीत शेरीफ वारला, तेव्हा उरलेल्या मुदतीसाठी त्याच्या पत्नी एमा बॅनिस्टर शेरीफ झाल्या. वायोमिंगमधल्या जॅक्सन गावाने तर १९२० मध्ये अख्खी नगर परिषद बायकांची निवडली, आणि मार्शलही (गावचा पोलीस अधिकारी) बाईच नेमली, पर्ल विल्यम्स.

मूकपटांत मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्या इंग्रजीत आहेत. त्या मोठ्याने मराठीत सांगायला दोघे जण हवे आहेत, शुक्रवारपर्यंत नाव कळवा. उशिरा येणाऱ्यांनी मागच्या दाराने यावं. वर्गणी राहिलेल्यांनी त्याच दिवशी द्यावी.

– कार्यवाह