वही कोणी ठेवायची?

मा. संपादक,
सादर नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील ‘सरकारशिवाय समाज’ या विषयावरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने आणि दुसऱ्यांदा संतापाने. सरकार बाजूला काढले की माणसे आपण होऊन एकमेकांच्या मदतीला धावतील आणि आज ती धावत नसतील तर सरकारनेच त्यांना तशी सवय लावली आहे, हा लेखकमहाशयांचा सिद्धांत वाचायला गोड आहे. मीही एके काळी याच मताचा होतो. ते मत का सुटले एवढे सांगण्यापुरते हे पत्र लिहीत आहे.

आमच्या चौदा घरांच्या मागून एक उघडे गटार जाते. ते कोणाच्याच मालकीचे नव्हते, त्यामुळे ते साफ करणे हे कोणाचेच काम नव्हते, आणि दर पावसाळ्यात तळाच्या घरांत पाणी शिरत असे. अखेर एका वयस्कर शेजाऱ्यांनी पुढाकार घेऊन सर्वांना एकत्र बसवले. ठरले ते अर्ध्या पानात मावण्याइतके साधे होते. दर महिन्याला दोन घरांनी मिळून गाळ उपसायचा, ज्यांना जमणार नाही त्यांनी आपल्या खर्चाने माणूस लावायचा, दोन्ही चुकले तर दंड भरायचा आणि दंडाच्या पैशांतून फावडी, घमेली आणि तोंडाशी बसवायची जाळी घ्यायची. सर्वांनी खाली सह्या केल्या आणि पाळ्यांची वही माझ्याकडे आली. अध्यक्ष नाही, कार्यालय नाही, शिक्का नाही, तरीही सात वर्षे ही व्यवस्था चालली. लेखकमहाशय त्या काळात आमच्याकडे आले असते तर त्यांना लेखासाठी आयतेच उदाहरण मिळाले असते.

आठव्या वर्षी वरच्या टोकाचे घर विकले गेले आणि तेथे एक सुविद्य गृहस्थ राहायला आले. गटाराला उतार असतो, ही गोष्ट लेखात कोठेच आलेली नाही म्हणून मुद्दाम नोंदवतो. वरच्या घराचे पाणी काहीही झाले तरी खाली निघून जाते. तुंबते ते तळाशी, आणि तळाशी मी राहतो. त्यांची पाळी दोनदा चुकल्यावर मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे चाळली, आधीच्या मालकांची सही पाहिली आणि विचारले, ‘‘यात माझी सही कुठे आहे?’’ सही अर्थातच नव्हती. ‘‘मग दंड कसला? हे सगळे स्वेच्छेने चालते असे आपणच म्हणालात. माझी इच्छा नाही.’’ त्यांनी मला चहा विचारला, मी नको म्हटले आणि परत आलो. त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. लेखकमहाशयांकडेही ते असेल असे वाटत नाही, कारण त्यांनी स्वेच्छेची जी व्याख्या केली आहे तिच्याप्रमाणे त्या गृहस्थांचे काहीच चुकले नव्हते.

पुढच्या वर्षी आणखी दोन घरांनी पाळी सोडली. ती माणसे कंजूस नव्हती किंवा आळशीही नव्हती. पूर्वी दंड भरताना त्यांनी कधी कुरकूर केली नव्हती. परंतु आपण गुडघाभर गाळात उभे असताना वरचे गृहस्थ सज्जात बसून वर्तमानपत्र वाचत आहेत, हे दृश्य महिनोन्महिने पाहण्याइतका सोशिकपणा फार थोड्यांच्या अंगी असतो. त्याच्या पुढच्या वर्षी वहीत चुकलेल्या पाळ्यांच्या फुल्याच फुल्या झाल्या आणि एका रात्रीच्या पावसात माझ्या घरात पाणी शिरून पुस्तकांच्या कपाटाचे खालचे दोन्ही कप्पे भिजले.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४० साली नेमके हेच लिहून ठेवले आहे. दोन शेजारी सामाईक कुरणात साचलेले पाणी काढण्यास सहज राजी होतात, कारण आपण अंग चोरले तर सगळेच काम बुडेल हे दोघांनाही दिसत असते. हजार माणसांचे मात्र तसे एकमत होणे अशक्य, कारण खर्च आणि कष्ट टाळून सारे ओझे दुसऱ्यावर टाकण्याची सबब प्रत्येक जण शोधत असतो, असे ते म्हणतात. आम्ही हजार नव्हतो, चौदाच होतो. त्यामुळे ह्यूम यांचा आकडा मला पटत नाही, परंतु त्यांनाही उदाहरण म्हणून पाण्याचा निचराच सुचला याचे मला जरा समाधान वाटते.

लेखकमहाशयांनी स्वेच्छेचा आदर्श म्हणून अमेरिकेतील फिलाडेल्फियात १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुरू केलेल्या अग्निशमन मंडळाचा गौरव केला आहे. तो योग्यच आहे. मात्र मासिक सभेला गैरहजर राहणाऱ्या सभासदांकडून दंड घेतला जाई आणि त्याच दंडाच्या रकमेतून आगीचे बंब आणि शिड्या घेतल्या गेल्या, हे स्वतः फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे आणि ते लेखातून गळले आहे. आमच्या फावड्यांची आणि त्या बंबांची गोष्ट एकच आहे. स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल या गावाच्या बाबतीतही तसेच. तेथील गावकरी शेकडो वर्षे डोंगरावरचे गायरान सामाईकपणे सांभाळत आले, हे खरे. परंतु हिवाळ्यात पोसता येतील त्याहून अधिक गाई कोणीही उन्हाळ्यात गायरानावर पाठवू नयेत, हा तेथील नियम १५१७ सालापासून लेखी आहे, आणि तो मोडणाऱ्याला दंड करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची निम्मी रक्कम स्वतःला ठेवता येत असे. निम्मी रक्कम! मी सात वर्षे वही ठेवली ती फुकट, आणि वर सर्वांचा रोष पत्करून.

हीच उदाहरणे देऊन लेखकमहाशय स्वेच्छा आणि सक्ती यांच्यात जी भिंत उभी करतात, ती त्या उदाहरणांत मला कोठेच दिसत नाही. जेथे जेथे माणसांनी सरकारवाचून एखादे काम पिढ्यान्‌पिढ्या चालवले, तेथे कोणाच्या तरी हाती वही होती, कोणीतरी लक्ष ठेवत होते आणि चुकणाऱ्याला काहीतरी सोसावे लागत होते. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांचे जलन्यायालय दर गुरुवारी दुपारी तेथील कॅथीड्रलच्या दाराशी भरते, ना वकील ना लेखी अर्ज, आणि तरीही त्याचा निवाडा सर्वजण मानतात, हे वर्णन लेखात फार सुरेख आले आहे. मात्र त्या निवाड्याला स्पेनच्या कायद्याची मान्यता आहे, हे तेथे एका शब्दानेही आलेले नाही. आमच्या वहीमागे तेवढा एक कागद असता तर वरच्या घरातून मी तसा परत आलो नसतो.

उलट मध्ययुगीन आइसलँडचे पाहावे. इ. स. ९३० पासून तेथे सर्वांची सभा होती, कायदे होते, न्यायालयेही होती. नव्हती ती फक्त निवाडा अमलात आणणारी सत्ता. दावा जिंकणाऱ्याने आपल्या हक्काची वसुली आपणच करायची असे. ही व्यवस्था तीन शतके टिकली हे लेखकमहाशय अभिमानाने सांगतात. तिचा शेवट बलाढ्य घराण्यांच्या रक्तरंजित भांडणांत झाला आणि १२६२ साली त्या लोकांनी नॉर्वेच्या राजाशी निष्ठेचा करार केला, ही बाब त्यांना बहुधा जागेअभावी गाळावी लागली असावी.

आता सरकारच्या बाजूच्या वाचकांनी माझे हे पत्र कापून जपून ठेवण्याआधी पुढची हकीकतही वाचावी. पुस्तके भिजल्यावर मी रीतसर अर्ज केला. आठ महिन्यांनी माणसे आली, त्यांनी फीत लावून मोजमाप घेतले आणि आणखी वर्षभराने गटारावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सिमेंटच्या लाद्या बसवल्या. दिसायला काम उत्तम झाले. पाणी मात्र पूर्वीसारखेच तुंबते, फक्त ते आता डोळ्यांना दिसत नाही. आणि लादी उचलायची तर परवानगी लागते, जी मागणारा अर्ज माझ्याच अक्षरात दोन वर्षे कोठेतरी पडून आहे. पूर्वी जी घरे नेमाने पाळी सांभाळत, तीही आता म्हणतात की गटार आपले नाही. कर सर्वजण भरतात, वरचे गृहस्थही भरतात, आणि त्यांची सही त्यासाठी कोणी विचारत नाही, एवढाच काय तो माझ्या मनाला दिलासा.

जाता जाता आणखी एक. लेखात एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा उल्लेख तीन ठिकाणी असून तिन्ही ठिकाणी ‘ऑस्ट्रॉम म्हणतो’, ‘ऑस्ट्रॉमने आपल्या पत्नीसह’ अशा थाटाचा मजकूर आहे. ऑस्ट्रॉम या बाई होत्या. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, सन २००९, आणि त्याही मूळच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक. लेखकमहाशयांनी त्यांचे १९९० सालचे पुस्तक खरोखर उघडले असते तर ही चूक झाली नसती. शिवाय दीर्घकाळ टिकलेल्या सामाईक व्यवस्थांची जी आठ लक्षणे त्यांनी सांगितली, त्यांत देखरेख करणारी माणसे आणि चुकीच्या प्रमाणात वाढत जाणारी शिक्षा ही दोन लक्षणे ठळकपणे आहेत, हेही त्यांना कळले असते. आपल्याकडे मुद्रितशोधनाची पाळी सध्या कोणाकडे असते आणि ती चुकली तर काय होते, हे जाणून घ्यायला आवडेल.

निदान येत्या रविवारी याच पुरवणीत, आणि शक्यतो याच पानावर, दुरुस्ती छापावी ही विनंती. यापूर्वीच्या माझ्या पत्रातील शेवटचे दोन परिच्छेद आपण कापले होते, तसे या वेळी करू नये.

आपला,
एक जुना वर्गणीदार