झेंडी लपवायची नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत सह्याद्रीच्या पायथ्याशी शाळकरी मुलांसाठी ओरिएंटियरिंगचे (नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे रानात ठरलेल्या झेंड्या गाठत पळण्याच्या खेळाचे) शिबिर होणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. नकाशा आणि होकायंत्र मुलांच्या हातात येणार याचा आनंद आहेच. पण ‘जंगलात लपवलेल्या झेंड्या मुले दिवसभर शोधतील’ या वाक्याशी थबकले. मी मूळची वाईची. आता लंडनच्या ईशान्येला लाउटनमध्ये राहते आणि इथल्या क्लबसाठी एपिंग फॉरेस्टमधल्या हिवाळी स्पर्धांचे कोर्स, म्हणजे झेंड्या कुठे आणि कोणत्या क्रमाने गाठायच्या ते मार्ग, आखते. (एवढ्या थंडीत माणसे पैसे भरून रानात चुकायला येतात, हे माझ्या आईला अजून पटलेले नाही.)

नारिंगी-पांढरी, ३० सेंटीमीटरची ती झेंडी लपवायची नसतेच. झेंडीची जागा दाखवणारे नकाशावरचे वर्तुळ ज्या खड्ड्यावर आहे, तिथे पोचलेल्याला ती दिसलीच पाहिजे. नकाशा नीट वाचणारा झुडपात चाचपडत बसला आणि मागून भरकटत आलेल्याला ती सहज सापडली, तर तो मटका झाला. खरी परीक्षा दोन झेंड्यांच्या मधल्या जमिनीत असते. सरळ जाऊन नाला आणि चढ अंगावर घ्यायचा, की पायवाटेने लांबचा वळसा घालून जोरात पळायचे? दोन चांगल्या धावपटूंनी यावर भांडावे, इतका तो प्रश्न अवघड जमला की आखणाऱ्याला समाधान. लहान मुलांचा कोर्स मात्र पूर्ण वाटेवरचा, आणि जिथे वळायचे त्या प्रत्येक फाट्यावर झेंडी. वाट सोडायला नंतरच्या पायरीवर शिकवतात.

इंग्लंडच्या जंगलात या खेळाचा खरा हंगाम हिवाळाच. उन्हाळ्यात ब्रॅकन नावाचे नेचे छातीपर्यंत वाढते, त्यातून पळता येत नाही. वसंतात पक्ष्यांची वीण असते. जानेवारीपर्यंत ब्रॅकन तपकिरी होऊन आडवे पडते आणि रान मोकळे होते. अडचण अशी, की आखणी शरद ऋतूच्या तोंडाशी सुरू होते. सप्टेंबरात जागेवर खुणेची फीत बांधताना सगळे हिरवे असते. तेव्हा अगदी जवळ गेल्याशिवाय न दिसणारा कंट्रोल (झेंडीची जागा) पानगळीनंतर लांबूनच डोळ्यांत भरतो आणि अवघड म्हणून ठेवलेला टप्पा पोरखेळ होतो. म्हणून मी खड्डे आणि घळी शोधते. जमिनीच्या खालच्या अंगाला असलेली गोष्ट पाने गळली तरी उघडी पडत नाही. हॉली या सदाहरित काटेरी झाडाची जाळी बारमाही दाट असते, तेव्हा दाट झाडी दाखवणारा नकाशावरचा गडद हिरवा रंग हिवाळ्यातही खरा ठरतो. याच्या उलट, बीच झाडांच्या पानांचा थर साचला की बारक्या पायवाटा पार गडप होतात. मोठ्यांचे त्यावाचून अडत नाही. पण लहानग्यांचा सगळा भरवसा वाटेवर असतो, म्हणून त्यांना रुंद रस्त्यांवरच ठेवते. जमीन चिकणमातीची आहे. शरदात कोरडा ओलांडलेला ओढा जानेवारीत गुडघाभर असतो, तेव्हा नाताळनंतर पुन्हा फेरी मारावीच लागते.

‘वेगळे दिसणारे झाड’ हे नकाशावरचे चिन्ह एपिंगमध्ये कुचकामी आहे. शतकानुशतके लोकांनी तिथल्या हॉर्नबीम आणि बीचचे बुंधे राखून वरच्या फांद्या सरपणासाठी तोडल्या. १८७८च्या कायद्याने ती तोड थांबली. आता सगळीच झाडे गाठाळ आणि अक्राळविक्राळ आहेत, वेगळे म्हणायचे कुणाला? लाउटन कॅम्प आणि अँब्रेसबरी बँक्स हे लोहयुगातले मातीचे तट झेंडीसाठी फार मोहात पाडतात, पण शेकडो बुटांनी ते झिजतील म्हणून माझे कोर्स तिथून जात नाहीत.

आणि उजेड. डिसेंबरअखेर इथे सूर्य चारच्या सुमारास मावळतो. म्हणून माझी आखणी शेवटाकडून सुरू होते. कोणी परतले नाही तर शोधायला उजेड हवा, झेंड्या गोळा करायलाही हवा, म्हणून कोर्स अडीचला बंद आणि शेवटची सुरुवात बाराला. अर्ध्यात सोडून दिले तरी शेवटच्या रेषेवर येऊन नाव सांगायचे, हा नियम सगळ्यांना लागू. नाही सांगितले तर आम्ही अंधारात त्याच्या नावाने हाका मारतोय आणि तो घरी चहा पितोय, असे होते.

सह्याद्रीत सूर्य सहाला मावळतो खरा, पण पश्चिमेला कडा असेल तर सावली त्याच्या बरीच आधी उतरते. ‘दिवसभर’ हा शब्द म्हणूनच काढावा. हिवाळ्यात तिथे ब्रॅकनच्या जागी कारवी असते. तिच्या जाळीत मोठा माणूसही अडकतो, त्यामुळे ती नकाशावर दाखवलेली हवी. कुसळे मोज्यांत शिरतात, तेव्हा पोटऱ्या झाकणारे कपडे सांगावेत. वाळल्या गवताला ठिणगी पुरते, म्हणून शेकोटी शिबिराच्या आवारातच. कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असते, त्यांच्या आसपास एकही झेंडी नको. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर भागवू नये. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर आणि दोन कंटूरमध्ये (समान उंची दाखवणाऱ्या रेषांमध्ये) उंचीचे २० मीटरचे अंतर. पुरुषभर खोल घळ त्यात दिसणारच नाही. वनखात्याची परवानगी घेऊन छोटाच तुकडा निवडावा आणि त्याचा १:१०,००० नकाशा स्वतः चालून काढावा.

कोर्स तयार झाला, की तो ज्याने आखलेला नाही अशा जाणत्या माणसाला नकाशा देऊन सगळ्या जागांवरून फिरवावे, एकदा दिवाळीनंतर गवत वाळल्यावर आणि पुन्हा शिबिराच्या आठवड्यात. तो जिथे घुटमळेल ती झेंडी हलवावी. त्याच्याशी वाद घालू नये.

आपली,
मूळची वाईची एक वाचक,
लाउटन, इंग्लंड