दलालाचा परिचय कसा छापावा?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आधी आपल्या वृत्तपत्राची घर-प्लॉटविषयक पुरवणी निघते आणि तीत शहरातल्या प्रॉपर्टी ब्रोकरांचे सचित्र परिचय येतात. यंदा आपल्या जाहिरात विभागाने माझ्याकडेही एक नमुना पाठवला. त्यात तीन रकाने होते : पार्श्वभूमी, जीवनमूल्ये आणि सामाजिक कार्य. मी तो भरायला बसलो आणि तिसऱ्या रकान्यापाशी अडलो. लिहायला काही नव्हते म्हणून नव्हे. फार होते म्हणून. नमुना परत पाठवण्याऐवजी हे पत्र लिहीत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जन्म रामबागेतला, भाड्याच्या दोन खोल्यांत. वडील इंदूरच्या एका कापडगिरणीत हिशेबनीस होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी नुकताच बी. कॉम. झालो होतो, आणि नोकरी मिळेपर्यंत म्हणून शिकायला आलेल्या मुलांना खोल्या दाखवण्याचे काम धरले, ते आजतागायत सुटलेले नाही. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात किंवा धान्यमंडीत दलाल हा मानाचा माणूस असतो, त्याच्या शब्दावर लाखोंचा माल हलतो. घरांच्या धंद्यात मात्र हाच शब्द लोक आवाज खाली आणून उच्चारतात. त्यामागे कारणे आहेत आणि त्यांतले एक मी स्वतः पुरवले आहे, ते पुढे सांगतो.

आता सामाजिक कार्य. आमच्या गणेशोत्सव समितीचा मी चौदा वर्षे कोषाध्यक्ष होतो. वधू-वर मेळाव्याच्या नोंदवहीचे काम माझ्याकडे असते आणि कोजागरीच्या दुधाचा खर्च मी करतो. हे सगळे मी मनापासून केले, पण यातली एकही गोष्ट अशी नाही की जिने मला धंदा मिळवून दिला नाही. ज्या घरात लग्न ठरते, त्या घरात सहा महिन्यांत वर एक खोली चढवायची असते किंवा मुलाला वेगळा फ्लॅट हवा असतो. एखाद्या जुन्या वाड्यातले वडीलधारे गेले की वर्षश्राद्धाच्या आत विक्रीचा विषय निघतोच, आणि दहाव्याला सतरंजीवर बसलेल्यांत मी असतो. म्हणजे ज्याला आपला नमुना समाजसेवा म्हणतो ते माझ्या धंद्याचे भांडवल आहे, आणि ते बिनव्याजी आहे. आपली पुरवणी हे भांडवल प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून छापते, एवढीच माझी तक्रार आहे.

तक्रारीला आधार आहे तो माझ्याच चुकीचा. २००४ साली बायपासच्या पलीकडे एका कॉलनायझरने, म्हणजे जमीन घेऊन तिचे प्लॉट पाडून विकणाऱ्याने, प्लॉट काढले होते. इंदूरकरांना डायरीचा सौदा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, तरी नव्या वाचकांसाठी सांगतो. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर असते, डायव्हर्शन, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घेणे, झालेले नसते, नगर तथा ग्राम निवेश विभागाकडून नकाशा मंजूर नसतो, आणि खरेदीदाराच्या हातात रजिस्ट्रीऐवजी एक छोटी डायरी पडते. त्या डायरीला लाल रेक्झिनचे वेष्टन होते, वर कॉलनीचे नाव सोनेरी अक्षरांत, आत तारीख, रक्कम आणि सही असे तीन उभे रकाने. आमच्या समितीतल्या एका निवृत्त शिक्षकांना मी तो प्लॉट दाखवला. त्यांच्या पत्नीने फक्त नळाचे पाणी येईल का एवढेच विचारले. कागद मागितले नाहीत. मी आपला माणूस होतो, आरतीचे तबक माझ्या हातात असायचे, मग कागद कशाला? कॉलनायझरकडून मला एक टक्का मिळणार होता. तेही त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

शेतकरी वारला, त्याच्या वारसांनी दावा लावला, कॉलनी झालीच नाही. अकरा वर्षांनी मुद्दल तुकड्यातुकड्यांनी परत आले, व्याजाशिवाय. माझी दलाली मी त्यांच्या हातात नेऊन दिली, पण भविष्य निर्वाह निधीच्या पैशातली अकरा वर्षे त्या रकमेत मावत नव्हती. बाईंनी ती डायरी मला दिली आणि म्हणाल्या, "ही तुमच्याकडेच ठेवा, इथे दिसली की यांचे डोके दुखते." ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. परिचयात माझा गणपतीसमोरचा फोटो छापण्याचा आपला विचार होता, त्या फोटोत हा खण दिसला नसता.

२०१६ च्या रेरा कायद्याने, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याने, जो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, या बाबतीत बरीच स्पष्टता आणली. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प रेरा प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय विकता येत नाही, त्याची जाहिरात किंवा बुकिंगही करता येत नाही. मध्यस्थालाही स्वतःची नोंदणी घ्यावी लागते, प्रत्येक सौद्यात आपला क्रमांक लिहावा लागतो आणि नोंदणी नसलेला प्रकल्प विकायला हात लावता येत नाही. नियम मोडल्यास दिवसाला दहा हजार रुपये दंड आहे आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती एजंटची व्याख्या. मोबदला घेऊन खरेदीदार आणि विक्रेत्याची गाठ घालून देणारा प्रत्येक जण, त्याला कोणत्याही नावाने ओळखा, या कायद्याला एजंटच आहे. तेव्हा नव्या प्रकल्पाच्या बिल्डरशी "आपल्यातल्या माणसाची" ओळख करून देऊन मागाहून पाकीट घेणारे आमच्या समाजातले काही सन्माननीय पदाधिकारी कायद्याच्या नजरेत माझेच व्यवसायबंधू आहेत, फक्त त्यांच्याकडे नोंदणी क्रमांक नाही.

असे असूनही नोंदणी क्रमांक छापला म्हणजे काम झाले असे मी म्हणणार नाही. रेराची ही नोंदणी प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे. रामबाग, नारायण बाग, जुनी इंदूर या भागांतले जे वाडे आणि जुनी घरे आज विकली जात आहेत, त्यांची दलाली या कायद्याच्या बाहेर राहते, आणि मराठी कुटुंबांचे खरे मोठे व्यवहार तर तेच आहेत. तिथे दलालाची नियत हाच काय तो कायदा.

अशा एका वाड्याची गोष्ट सांगतो. वाडा वडिलांच्या स्वकष्टार्जित पैशांतून घेतलेला, मृत्युपत्र नाही, मागे दोन भाऊ आणि दोन बहिणी. भावांनी गिऱ्हाईक ठरवले, बयाण्याची तारीख काढली आणि कागदावर आपली दोघांचीच नावे घातली. बहिणींबद्दल विचारले तेव्हा ओसरीवरूनच उत्तर आले : "त्यांना लग्नात दिले सगळे." वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून चालत आले आहे; वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासूनचा हक्क मिळाला, आणि त्या हक्कासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. हे मी भावांना दोनदा सांगितले. चारही सह्यांशिवाय मी गिऱ्हाईक घेऊन येणार नाही, असेही सांगितले.

थोरली बहीण उज्जैनला असते. मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती हक्कत्याग लिहून देईल अशी माझीही मनातून अपेक्षा होती, कारण आपल्याकडे बहुतेक बहिणी तसेच करतात आणि भाऊ भाऊबिजेला साडी देऊन ते मिटवतात. तिने पोळ्या लाटता लाटता सगळे ऐकून घेतले आणि आपला चौथा हिस्सा पूर्ण मागितला. इतके दिवस कोणी विचारलेच नव्हते, एवढेच ती म्हणाली. गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हते, सौदा मोडला. भावांनी दुसरा दलाल धरला, माझी चार महिन्यांची पायपीट गेली, आणि त्या घराची गणेशोत्सवाची वर्गणी तेव्हापासून बंद आहे. समितीत त्याचा ठपका अर्थातच माझ्यावर आला. आता आपणच सांगा, हा प्रसंग जीवनमूल्यांत घालावा, की सामाजिक कार्याच्या रकान्यात उणे चिन्ह देऊन लिहावा?

माझी विनंती अशी की, पैसे घेऊन छापलेल्या परिचयावर "जाहिरात" हा शब्द वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावा. दलालाचा रेरा क्रमांक फोटोच्या खालीच द्यावा. प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता देणे बिल्डरला कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा तो नसेल तर ती जाहिरात आपण परत करावी. आणि सामाजिक कार्याच्या जागी एकच प्रश्न विचारावा : आपण दलाली कोणाकडून घेता, विकणाऱ्याकडून, घेणाऱ्याकडून की दोघांकडून, आणि हे दोघांना आधी सांगता का? महाराष्ट्रात तेथील प्राधिकरणाने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. आमच्या पिढीतले काही जण त्या परीक्षेला हसतात. मी तिचा अभ्यासक्रम मागवून वाचला आणि त्यातल्या दोन-तीन गोष्टी मला नव्याने कळल्या.

माझे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक आपल्या कार्यालयात स्वतंत्र कागदावर दिला आहे. तो पत्राखाली छापू नये, कारण छापला तर उद्या सकाळी दोन तरी गिऱ्हाइके हे पत्र वाचूनच माझ्याकडे येतील.

आपला,
रामबाग, इंदूर येथील एक वाचक